मागचा भाडेकरू

१

सोमवारी सकाळी रफूताईच्या दारात एक बिल येऊन उभं राहिलं. बूट चकचकीत, काखेत फाईल, आणि चेहऱ्यावर हसू असं की जणू लग्नाचं आमंत्रण द्यायला आलंय.

“विजेची थकबाकी आहे,” वसुलीवाला म्हणाला. “मागच्या भाडेकरूची.”

“मग मागच्या भाडेकरूकडे जा ना.” रफूताईच्या मांडीवर कुणाचातरी कोट होता आणि बोटांत सुई. तिचं सगळं पोट या एका कामावर चालायचं. फाटलेलं, जळलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड असं विणून द्यायचं की भोक कुठे होतं ते मालकालाच सांगता येऊ नये.

“ताई, ते भेटून काही मिळालं असतं तर तुमच्यापर्यंत कशाला आलो असतो? थकबाकी जागेवर असते. माणूस जातो, जागा कुठे जाते?”

त्यानं आकडा सांगितला. रफूताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून तिनं परत विचारलं, आणि त्यानं परत तोच सांगितला. एवढ्या पैशांत तिनं गावातले झाडून सगळे कोट रफू करून दिले असते.

“निम्मे तरी भरा,” तो म्हणाला. “नाहीतर बुधवारी वायरमन घेऊन येतो. जोडणी तोडायचा हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही.”

एरवीची गोष्ट असती तर रफूताईनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. चार दिवस मेणबत्तीत काढले असते, पण हटली नसती. पण गुरुवारी कोर्टाकडून एक बाई घर पाहायला येणार होत्या. नवऱ्याचं घर सोडताना रफूताईनं दोनच गोष्टी उचलल्या होत्या, एक कात्री आणि दुसरी मुंगी. मुंगी म्हणजे तिची लेक, दुसरीतली. नवऱ्यानं कात्री सोडून दिली, पण मुलीवर हक्क सांगितला. आता त्या बाई बघणार होत्या की मुलगी राहते तिथे पाणी आहे का, अंथरूण आहे का, उजेड आहे का. उजेडच नसेल तर मुंगी बापाकडे. आणि बापाच्या घरी मुंगी आवाज न करता घास चावायला शिकली होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

वसुलीवाला गेला. रफूताईनं कोट बाजूला ठेवला. वर्षापूर्वी या खोल्यांत कोण राहत होतं, याचा तिनं आजवर कधी विचारच केला नव्हता. आता केला नसता तर मुलगी गेली असती.

२

घराच्या भिंतीला लागूनच इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. रफू झालेले कपडे रफूताई त्याच्याकडेच नेऊन दाबून घ्यायची. तिच्या खोल्यांत इस्त्रीची जाड पीन बसेल असा सॉकेटच नव्हता, नुसते दिव्या-पंख्याचे होते, आणि त्याबद्दल ती घरमालकाच्या नावानं रोज एकदा तरी बोटं मोडायची.

“मागचा भाडेकरू?” इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. गप्पांना विषय मिळाला की त्याचं काम थांबलंच. “घड्याळकाका! घड्याळं दुरुस्त करायचे. देवमाणूस हो, पण कुणाच्या पोटात काय असतं कुणाला कळलंय? एका मंगळवारी टेम्पो आला, चार खोकी भरली आणि स्वारी पसार. पाठोपाठ हे वसुलीवाले. मग कळलं, एवढं मोठं बिल ठेवून गेले.”

रफूताईचं लक्ष त्याच्या डोक्यावर गेलं. भिंतीत एक भोक होतं आणि त्यातून काळ्या वायरचा तुकडा लोंबत होता. भिंतीपलीकडे तिचीच खोली.

“आणि ही वायर कसली?”

इस्त्रीवाल्याचा चेहरा पडला. “ताई, शपथ घेतो. माझी लाईट गेली होती तेव्हा काकांनी एक दिवा लावायला दिली होती. केव्हाच तोडलीय. एका दिव्याचं एवढं बिल होतं का? इस्त्री तेव्हा मी कोळशाची वापरायचो, विचारा कुणालाही.”

“मग काका काय लावायचे एवढं?”

“तेच तर कळत नाही. दिवसभर खिडकीशी बसायचे, उन्हात. पंखासुद्धा लावायचे नाहीत. बारीक चाकं उडून जातात म्हणायचे.”

पंखा न लावणारा माणूस हत्तीएवढं बिल करून पळतो, हे रफूताईला पटेना. ती घरी आली. घर म्हणजे लांबट पट्टी होती. रस्त्याकडच्या दोन खोल्या हिच्या, कडेनं बोळ, आणि बोळाच्या टोकाला अंगणाकडच्या दोन खोल्यांत मागच्या काकू. काकू एकट्या. दुपारी रफूताई कपडे आणायला गेली की मुंगीला त्याच सांभाळायच्या. आत्ताही बोळात उजेडाला बसून मुंगीची वेणी घालत होत्या.

“काकू, बाई गं, ऐकलंत का? वसुलीवाले आले होते,” रफूताई म्हणाली.

फणी केसातच थांबली. “परत आले?”

“आई गं! ओढू नका ना आजी,” मुंगी ओरडली.

“तुम्ही भिंतीपलीकडेच राहता. इथे कधी एखादं मोठं यंत्रबिंत्र चालायचं का?”

काकूंनी मुंगीच्या केसातून फणी हळूच सोडवली. “आवाज होता,” त्या म्हणाल्या. “रात्रंदिवस होता.” आणि वेणी अर्धी ठेवून त्या आत गेल्या.

३

घरमालक सापडला तो त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे तोलत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नळ्या, रंगाचे डबे आणि सिमेंटची पोती थेट छतापर्यंत गेली होती.

“गोदाम पुरत नाही हो,” तो आल्याआल्या करवादला, जणू रफूताई गोदामच घेऊन आली होती. “बोला.”

तिनं सांगितलं. तो मान न उचलता ऐकत होता.

“मी काय करू? दोन्ही जोडण्या माझ्या नावावर, म्हणून पहिल्यांदा मलाच फोन आला होता. मी त्यांना तेव्हाच स्वच्छ सांगितलं, बाबांनो, हे बिल मागच्या भाडेकरूचं आहे, त्यांच्याकडून घ्या. भाडेकरूनं वापरलं ते भाडेकरूनं भरावं, करारातच आहे. पुन्हा कुणी माझ्याकडे आलं नाही. मी समजलो मिटलं.”

“मीटरचा नंबर तरी पाहता येईल ना?”

“कुठला नंबर? जुने मीटर काढून नेले, नवे बसवले. जुन्या बिलावरचा नंबर आता कुठल्याच भिंतीवर नाही.” त्यानं खिळ्यांची पुडी बांधली. “तशी माणसं चांगली आहेत हो. कधी कटकट नाही, भाडं वेळेवर. पण बिल म्हटलं की तोंडाला कुलूप. ओ, ती नळी पाडाल!”

नळी रफूताईनं वरच्या वर धरली. त्या गडबडीत ती निघाली आणि रस्त्याला लागल्यावर तिच्या पायात काहीतरी अडकल्यासारखं झालं. घर सोडून वर्ष झालेल्या माणसाबद्दल बोलताना हा “आहेत” का म्हणाला? होती म्हणायला हवं ना?

असेल बोलण्याची सवय, तिनं स्वतःला समजावलं. काही लोक मेलेल्यांबद्दलही असं बोलतात. आणि ती घड्याळकाकांना शोधायला गेली.

४

काकांचा ठावठिकाणा इस्त्रीवाल्यालाच माहीत होता, आणि वसुलीवाल्यांना तो दिलाही त्यानंच होता. खोली सोडल्यावर काका बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात, मोठ्या दिव्याखाली एका कोपऱ्यात बसून काम करायचे. वसुलीवाले तिथे गेले आणि भर गिऱ्हाइकांत त्यांना बुडव्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं कोपरा काढून घेतला. लोकांची महागडी घड्याळं ज्याच्या हातात द्यायची, त्याच्यावर असा डाग कोण ठेवून घेईल? आता काका भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एका स्टुलावर बसून निघालेले कागद सारखे करून द्यायचे.

रफूताई समोर उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही. डोळे पार अधू झाले होते. ते कमी व्हायला लागले तेव्हाच घरचं खिडकीवरचं काम आणि खोली दोन्ही सोडावी लागली होती.

“मी तुमच्या जुन्या खोल्यांत राहते,” ती म्हणाली.

कागदांवरचे हात थबकले. “वसुलीवाले आले का तुमच्याकडे?” आणि तिनं काही म्हणायच्या आत ते म्हणाले, “माझंच बिल आहे ते. मीच थकवलं.”

चोर शोधायला निघावं आणि चोरानं पहिल्याच फटक्यात हात पुढे करावेत, असं झालं. रफूताईला राग यायला हवा होता. तिला वाईट वाटलं.

“पण एवढं लावायचात काय?”

“हीटर.” ते थोडे अडखळले. “म्हातारी हाडं. रात्रंदिवस लावायचो. मोठा होता, दांडगा.”

“मग भरलं का नाहीत? काका, माझी मुलगी जाईल हो!” तिनं सगळं सांगितलं, कोर्टाच्या बाईंचंही. काकांनी खिसे चाचपले, चुरगळलेल्या काही नोटा काढून तिच्या हातात कोंबायला लागले. तिनं घेतल्या नाहीत.

ती निघाली तेव्हा त्यांनी हाक मारली. “मागे… मागे सगळं ठीक आहे ना?”

“घर ठीक आहे,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं दिवा लावला आणि सहज भिंतीकडे बघितलं. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग कपाट सरकवून त्यामागे. दोन्ही खोल्या तिनं गुडघ्यांवर बसून पालथ्या घातल्या. मुंगीला वाटलं आईची सुई हरवली.

साधी इस्त्री लावायची सोय नव्हती तिथे दांडगा हीटर कुठे लावला असेल? घड्याळकाका धडधडीत खोटं बोलत होते. आणि स्वतःच्याच गळ्यात फास अडकवणारं खोटं माणूस उगीच कशाला बोलेल?

५

मंगळवार उजाडला तो हेच डोक्यात घेऊन. एक दिवस उरला होता. रफूताईनं एका कोटाला दोनदा चुकीच्या रंगाचा धागा घातला.

दुपारी बोळात धाडकन आवाज झाला. गॅसवाला सिलिंडर टेकवून घाम पुसत होता.

“ताई, मागच्या भाडेकरूंचा सिलिंडर आहे. तुमच्याकडे ठेवून घेता का?”

मागच्या भाडेकरूचं नाव ऐकून रफूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. “आता सिलिंडरही माझ्याच गळ्यात का? अहो, ते मागचे भाडेकरू कधीच सोडून गेले. वर्ष झालं!”

गॅसवाला तिच्याकडे बघतच राहिला. “सोडून गेले? अहो, आत्ता तर त्या दारात उभ्या होत्या. मला बघून आत गेल्या आणि कडी लावली.”

“कोण?”

“मागच्या काकू.” त्यानं बोळाच्या टोकाकडे बोट केलं. “मागचे भाडेकरू म्हणजे मागच्या खोल्यांतले. तुम्ही पुढचे, त्या मागच्या. मी तर कायम असंच म्हणतो.”

रफूताईनं बोळाच्या टोकाकडे बघितलं. मालकही असंच म्हणत होता. त्याच्या लेखी या घरात दोनच भाडेकरू होते, एक पुढचा आणि एक मागचा. मागचा म्हणजे आधीचा, हे त्याच्या मनातही नव्हतं. म्हणून तो “आहेत” म्हणाला होता. त्याचं फोनवरचं बोलणं ऐकून वसुलीवाला इथे आला, पुढच्या खोल्या रिकाम्या दिसल्या, आणि मागचा म्हणजे सोडून गेलेला असं त्यानं धरलं. तेव्हापासून सगळे एकच शब्द बोलत होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा माणूस होता.

आणि घड्याळकाका “मागे सगळं ठीक आहे ना” म्हणाले, ते घराबद्दल नव्हतं.

“ठेवू का मग सिलिंडर?” गॅसवाल्यानं विचारलं.

“नको,” रफूताईनं सिलिंडरची कडी धरली. “मीच नेते मागे.”

६

काकूंनी कडी काढली ती बऱ्याच हाकांनंतर. आत भर दुपारी अंधार. रफूताईचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

“दिवा नाही त्यात,” काकू म्हणाल्या. “काढून ठेवलेत सगळे.”

डोळे सरावल्यावर दिसलं. एका भिंतीशी लोखंडी कॉट, तिच्यावर गादी नाही. कॉटच्या उशाशी भिंतीत जाड पिनेचा मोठा सॉकेट आणि फरशीवर एक चौकोन बाकीपेक्षा उजळ, जिथे काहीतरी जड खूप दिवस उभं होतं.

“हवेचं यंत्र होतं,” काकूंनी न विचारताच सांगितलं. “यांना श्वास पुरत नव्हता. भाड्यानं आणलं होतं. ते बंद करायचं नाही, डॉक्टर म्हणाले. मग मी नाही केलं. बिलं यायची, मी गादीखाली सारायची. म्हटलं, आधी माणूस, बिलाचं बघू नंतर. घड्याळभाऊजी रोज संध्याकाळी यायचे, यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे. मुद्दाम हरायचे.”

“मग काकू, वसुलीवाल्याला का नाही सांगितलंत?”

काकू कॉटच्या कडेला बसल्या. “तो आला तेव्हा यांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. दारात उभा राहून मला म्हणतो, आजी, मागचे भाडेकरू कुठे आहेत? म्हणजे हेच ना गं? मी म्हटलं, ते गेले. म्हणाला, कधी? म्हटलं, मंगळवारी. तर म्हणतो, पत्ता ठेवलाय का काही? कधी परत येणार, बोलले का?” त्यांच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला. “मला वाटलं, हा माणूस वेडा आहे की दुष्ट? मी दार लावून घेतलं. लावून घेतलं आणि खूप रडले.”

रफूताईला इस्त्रीवाल्याचं बोलणं आठवलं. त्याच मंगळवारी पुढच्या दारात टेम्पो उभा होता.

“मी एक अक्षर खोटं बोलले नाही,” काकू म्हणाल्या. “त्या दिवशी नाही. पुढे इस्त्रीवाला म्हणाला, काका बिल बुडवून पळाले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तेव्हा बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू म्हणत राहिले. भाऊजी एकदा आले होते. म्हटलं आता शिव्या देतील. तर म्हणाले, वहिनी, तुम्ही गप्प राहा, माझं मी बघतो. मी गप्प राहिले. दिवे तेवढे काढून ठेवले, दुसरं काय करणार होते?”

“मी हे सांगितलं तर मालक तुम्हाला…”

“त्याला या खोल्या गोदामाला हव्यातच. त्याला कारण मिळेल.” काकूंनी पदरानं नाक पुसलं. “तरी तू सांग. माझ्यानं होत नाही गं, मी रोज ठरवते आणि जीभ टाळ्याला चिकटते. पण मुंगी जायला नको. तू सांग.”

रफूताई “नाही सांगणार” म्हणाली. म्हणताना तिला ते खरं वाटत होतं.

७

बुधवारी सगळेच जमले. वसुलीवाला आला, शिडी घेऊन वायरमन आला. जोडण्या त्याच्या नावावर म्हणून घरमालकालाही बोलावलं होतं. आणि इस्त्रीवाला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी तो होताच.

“भरताय का ताई?”

“माझी मोटारीची शिलाई मशीन ठेवून घ्या,” रफूताई म्हणाली. “दोन महिने द्या. एक महिना द्या. नुसता उद्याचा दिवस द्या!”

वसुलीवाल्यानं मान हलवली. त्यालाही ते आवडत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वायरमननं शिडी भिंतीला लावली. मुंगी दप्तर घेऊन दारात उभी होती. ती शिडीकडे बघत होती आणि रडत नव्हती. तिच्या वयाच्या मुलीनं रडायला हवं होतं. रफूताईनं ते न रडणं बघितलं आणि तिचा निश्चय तिथेच ढासळला.

“थांबा,” ती म्हणाली. “घड्याळकाकांनी बिल थकवलं नाही.”

“ते स्वतः कबूल आहेत,” वसुलीवाला म्हणाला.

“हीटर लावायचो म्हणतात. आत या, मला एक जाड पिनेचा सॉकेट दाखवा. आणि यांना विचारा, काका पंखा तरी लावायचे का.” इस्त्रीवाल्यानं जोरात मान हलवली. “साहेब, तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?”

“मागच्या भाडेकरूचं बिल आहे.”

“आणि मालक, तुम्ही काय सांगितलं होतं?”

“तेच! मागच्या भाडेकरूचं!” घरमालक वैतागला. “किती वेळा सांगू? मागचे भाडेकरू, मागच्या खोल्यांतले! मग यांच्या दारात शिडी कशाला लावलीय?”

वसुलीवाल्यानं फाईल मिटली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना सगळ्यांनी बघितला. “पण मी मागे विचारलं होतं. तिथल्या आजी म्हणाल्या, ते गेले.”

“त्यांचे यजमान गेले होते,” रफूताई म्हणाली. “त्याच आठवड्यात. तुम्ही त्यांचा पत्ता मागितलात.”

इस्त्रीवाल्याच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं. बोळाच्या टोकाचं दार उघडं होतं. काकू भिंतीला धरून पुढे आल्या.

“खरं आहे ते,” त्या म्हणाल्या. “बिल आमचं आहे.”

“आजी, हप्ते करू आपण. लहान लहान करू,” वसुलीवाला घाईघाईनं म्हणाला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

“हप्ते तुम्ही करा, खोल्या मला रिकाम्या करून द्या,” घरमालक म्हणाला. “करारात आहे.”

वायरमननं शिडी खाली घेतली. रफूताईचा दिवा वाचला होता, आणि तिला काकूंच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

८

गुरुवारी कोर्टाच्या बाई आल्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, अंथरूण हातानं दाबून पाहिलं, दिवा लावला, बंद केला, परत लावला. “उजेड चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “घरात कोण कोण असतं?”

“आम्ही दोघीच,” रफूताई म्हणाली.

बाई खूश होऊन गेल्या. मुंगी राहणार होती. रफूताईनं तिला इतकं घट्ट धरलं की ती गुदमरली, आणि मग ती तशीच बोळातून मागे गेली. काकू एका पिशवीत भांडी भरत होत्या.

“काकू, पुढे या राहायला. मी एक कॉट टाकते.”

“वेडी आहेस. आम्ही दोघीच, असं सांगितलंस ना त्या बाईंना? मी ऐकलं. त्या परत येतील बघायला. तिसरी कोण म्हणून विचारलं तर काय सांगशील? थकबाकीवाली?” काकूंनी पिशवीचे बंद बांधले. “दोघीच राहा.”

यावर रफूताईनं उत्तर शोधलंही नाही, आणि हे तिला पुढे कायम खुपत राहिलं. म्हाताऱ्या बायकांना ठेवून घेणारं एक घर होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे तिनंच काकूंना रिक्षातून पोचवलं. मुंगी वाटभर काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

परतताना ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. म्हटलं, निदान यांना तरी चांगली बातमी देऊ.

“काका, तुमच्यावरचा डाग गेला. सगळ्यांसमोर सिद्ध झालं. वसुलीवाला स्वतः घड्याळाच्या दुकानात जाऊन सांगणार आहे.”

काकांनी हातातले कागद खाली ठेवले. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” ते इतक्या मोठ्यानं बोलले की भाचा मशीन थांबवून बघायला लागला. “मी मागितलं होतं का? त्या दुकानात जाऊन मी आता करू काय, मला काटा दिसत नाही! माझा दोस्त गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला शब्द दिला होता, वहिनींना जागा सोडावी लागणार नाही म्हणून. मला बुडव्या म्हणाले तरी चाललं, ती जागा राहिली होती ना! एवढं एकच काम त्यानं मला सांगितलं होतं.”

रफूताई रडायला लागली. “मला माझी मुलगी हवी होती हो,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही.”

काकांनी खाली ठेवलेले कागद पुन्हा सारखे केले. मुंगी आईच्या पदराआडून त्यांच्याकडे बघत होती. ती त्यांना दिसत होती की नाही, कळत नव्हतं.

“राहिली?” त्यांनी शेवटी विचारलं.

“राहिली.”

“मग बरोबर केलंत.” त्यांनी स्टूल मागे सरकवलं आणि उभे राहिले. “वहिनींचा पत्ता सांगा. लिहून नको, मला वाचता येत नाही आता. तोंडी सांगा.”

“शेवटच्या थांब्यावर उतरायचं. दवाखान्याच्या मागची दुसरी गल्ली. पुढे हिरवं फाटक…”

“हिरवं मला कळायचं नाही. दुसरं काही सांगा.”

तिनं डोळे पुसून आठवून पाहिलं. “फाटकाला उजव्या हाताला लोखंडी कडी आहे. हातानं चाचपून लागेल. ती वाजवायची.”

“शेवटचा थांबा,” काका म्हणाले. “दवाखान्याच्या मागची पहिली गल्ली.”

“दुसरी.”

“दुसरी गल्ली. डाव्या हाताला कडी.”

“उजव्या, काका.”

“उजव्या.” ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, शाळेतल्या मुलानं धडा पाठ करावा तसे. परत चुकले, परत सुरू केलं. शेवटी सगळं बरोबर म्हणून झालं, तेव्हा त्यांनी भाच्याला काठी मागितली.